टाचेवर बसलेली कोंबडी

माझी मुलगी पाच वर्षांची होती तेव्हा एका गोष्टीसाठी मी चारचौघींत तिचं कौतुक करायची. ती दिवसभर मुतायला जात नसे. सकाळी उठल्यावर एकदा आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर एकदा. मधे नाव नाही. दवाखान्यात गेल्यावर मी लघवी म्हणायला शिकले, पण घरात आम्ही जे म्हणत होतो तेच इथं लिहिते.

यात कौतुक कसलं, असं आताच्या मुलींना वाटेल. आम्ही तेव्हा शहरात नवीन होतो. वाळूजला कारखाने उभे राहत होते, आमच्या मालकांना तिथं काम लागलं आणि सिल्लोडकडचं गाव सोडून आम्ही औरंगाबादला एका खोलीत आलो. एका रांगेत सहा खोल्या, पुढं मोठं अंगण आणि अंगणाच्या पार त्या टोकाला एक संडास. सहा बिऱ्हाडांत तेवढाच. तिथं जायचं म्हणजे डब्यात पाणी घेऊन सगळं अंगण ओलांडायचं. अंगणात कोणी दाढी करतंय, कोणी सायकल पुसतंय, पाळीवरून आलेली माणसं बाजेवर लोळतायत. आम्ही बायका उजाडायच्या आत जाऊन यायचो, त्यानंतर थेट दिवेलागण झाल्यावर. मधेच एखादी डबा घेऊन निघाली की सगळ्यांच्या माना वळायच्या.

मला त्याचा काही त्रास वाटला नाही, कारण गावाकडंही तेच होतं. माझ्या आईनं मला पाचव्या-सहाव्या वर्षीच वळण लावलं होतं. चौथीपर्यंत शाळेत गेले, पण शाळेत कधी मुतायला गेले नाही. जागाच नव्हती. कुठं गावाला जायचं असलं की सकाळपासून पाणी प्यायचं नाही, हाही आईचाच धडा. जिला धरवत नाही तिला आम्ही आगाऊ म्हणायचो. मग मीही माझ्या मुलीला तेच वळण लावलं. ती "आई, लागली" म्हणाली की मी म्हणायची, "थांब जरा, अंगण रिकामं होऊ दे." अंगण कधी रिकामं होत नसे. ती थांबायला शिकली. मी म्हणाले, शहाणी गं माझी माय.

तिची एक खोड होती. खेळता खेळता मधेच खाली बसायची, एक टाच बुडाखाली घट्ट दाबून. डोळे एका जागी लावून अगदी गप्प. थोड्या वेळानं उठायची आणि परत खेळायला लागायची. मी हसायची. म्हणायची, "बसली बघा आमची कोंबडी अंडं घालायला." शेजारच्या बायकाही हसायच्या. मग तीही हसायची, कोंबडीसारखी मान हलवून दाखवायची.

त्या वर्षी उन्हाळ्यात तिला पहिल्यांदा ताप आला. थंडी वाजून आला आणि मुतताना ओरडायला लागली. आम्ही म्हटलं उन्हाळी लागली. धने-जिऱ्याचं पाणी दिलं, बेंबीवर ओल्या मातीची पट्टी ठेवली. ताप उतरेना तेव्हा कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी लाल औषध दिलं, चार दिवसांत पोरगी उड्या मारायला लागली. महिन्यानं पुन्हा तेच. पुन्हा लाल औषध. दिवाळीपर्यंत असं चार वेळा झालं. पोरगी वाळून गेली. भाकरीचा तुकडा तोंडात घेऊन बसून राहायची. अंथरुणात मुतायला लागली, जे तिनं दोन वर्षांची असल्यापासून केलं नव्हतं. त्यावरून मी तिला दोनदा मारलं. मारलं ते मारलं, आता लपवून काय उपयोग.

शेजारच्या खोलीत एक म्हाताऱ्या बाई राहायच्या, त्यांना सगळे खाला म्हणायचे. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा त्यांनी माझ्या हातातलं अंथरुणाचं ओलं फडकं घेतलं, नाकाला लावलं आणि मला म्हणाल्या, "अगे, मारती काय कू? बास देख इसकी. बच्ची के अंदर कुछ तो बी सडरा. बड़े डाक्टर को दिखा."

"खाला, उन्हाळी आहे. धन्याचं पाणी देतेय."

"चार चार बार उन्हाळी? अब तो थंडी आ गई."

त्यांचं खरं होतं. बाहेर स्वेटर निघाले होते आणि मी अजून उन्हाळीच म्हणत होते.

मालकांची दुपारची पाळी होती, म्हणून सकाळी तिघं मिळून गेलो. मुलांच्या डॉक्टरीणबाई होत्या. वयस्कर, बारीक आवाजाच्या. त्यांनी आधी मुलीशी गप्पा मारल्या, पोट दाबून पाहिलं, पाठीला बोट लावलं तशी ती कळवळली. मग मला विचारलं, "दिवसातून किती वेळा लघवीला जाते?"

मी ताठ बसून सांगितलं, "दोनदा. लई शहाणी आहे. कुठंही न्या, कसला त्रास नाय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "दिवसातून दोनदा?"

"व्हय."

"शाळेत जाते?"

"बालवाडीत. तिथं नाय जात. तिला लागतच नाय."

"लागत नाही?" त्या उठल्या. साडी सावरली आणि माझ्यासमोर फरशीवर बसल्या. एक टाच खाली घेतली, डोळे भिंतीला लावले. हुबेहूब. "अशी बसते का कधी?"

मुलगी टाळी वाजवून म्हणाली, "कोंबडी!"

मालक हसले. मला हसू आलं नाही. काय ते मला त्याच घटकेला कळलं होतं, त्यांनी सांगायची गरज नव्हती. तरी त्यांनी सांगितलं.

"तिला लागते, बाई. टाच दाबून ती वाट बंद करते. कळ जाईपर्यंत अशी बसते. तुमच्या गावाकडं डबक्यात पाणी साचून राहिलं की काय होतं?"

"किडे होतात."

"पोटात तेच होतंय. आणि ते वर किडनीपर्यंत जातंय, म्हणून थंडी वाजून ताप. पाणी किती पिते?"

पाणी मीच मोजून देत होते. नळ एक दिवसाआड यायचा, पण ते कारण नव्हतं. जास्त प्यायली तर मधेच लागेल, हे कारण होतं.

"पोट रोज साफ होतं?"

"तीन-चार दिवसांनी."

"म्हणजे तेही धरूनच ठेवते." त्या परत खुर्चीत बसल्या. "आणि तुम्ही? तुम्ही किती वेळा जाता?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मालक समोर बसलेले. मी खाली बघून म्हणाले, "दोनदाच."

त्यांनी दुसरा कागद ओढला आणि म्हणाल्या, "तिच्या लघवीबरोबर एक बाटली तुमचीही आणा."

बाटल्या दिल्या. चार दिवसांनी अहवाल आला. मुलीच्या लघवीत जंतू निघाले. माझ्याही निघाले. माझं कधी दुखलं नव्हतं असं नाही. दुखायचं, पण बाईच्या जातीला ते असतंच असं मी धरून चालले होते.

मला गोळ्या दिल्या. मुलीला औषध दिलं आणि ताप गेल्यावर मोठ्या सरकारी दवाखान्यात तिचा फोटो काढायला पाठवलं. हा फोटो साधा नव्हता. आधी बारीक नळीनं पोटात औषधाचं पाणी भरायचं आणि मग पोरीनं यंत्राखाली टेबलावर पडल्या पडल्या मुतायचं. ती मुतत असताना फोटो काढायचा, म्हणजे पाणी उलटं वर चढतं का ते दिसतं. डॉक्टरीणबाईंनी मला हे सगळं नीट समजावून सांगितलं होतं. मी मुलीला काहीच सांगितलं नाही. घाबरेल म्हणून. ती माझी आणखी एक चूक.

मला एक जड एप्रन घातला आणि मुलीच्या पायाशी उभं केलं. खोलीत एक नर्स आणि यंत्रावरची दोन माणसं. नळी घालताना ती ओरडली, मग रडून रडून गप्प झाली. पोट तट्ट फुगलं. नर्स म्हणाली, "हं बाळ, आता इथंच कर शू, काही होत नाही."

तिनं दात आवळले आणि एका पायावर दुसरा पाय घट्ट टाकला.

कोणीतरी नळ सोडला, पाण्याचा आवाज केला. नर्सनं तिच्या मांडीवर कोमट पाणी ओतलं. काही नाही. तिच्या कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले, पण थेंब सोडला नाही. यंत्रावरचा माणूस म्हणाला, "कमाल आहे पोरीची. मोठी माणसं एवढं धरू शकत नाहीत."

एरवी हे ऐकून मला अभिमान वाटला असता.

"आई, घरी जाऊन करते," ती म्हणाली.

"इथंच कर, माय."

"इथं माणसं आहेत."

"असू दे."

"तूच म्हणतीस, माणसं असली की नाय करायचं. मी शहाणी आहे ना?"

मी तिच्या दोन्ही टाचा हातात धरल्या होत्या. थंडगार होत्या. मी आयुष्यात तोपर्यंत लहान लेकराला माझं चुकलं असं म्हटलं नव्हतं. मला कोणी म्हटलं नव्हतं. तिथं त्या तीन परक्या माणसांसमोर म्हणाले, "मी चुकीचं सांगितलं होतं. माझं चुकलं. लागली की लगेच जाते ती शहाणी."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी फसवतेय का, ते बघत होती.

"मग मारणार नाय?"

"नाय मारणार. कधीच नाय."

आणखी थोडा वेळ तिनं धरलं. मग तिचे पाय सैल पडलेले मला हातात कळले. टेबलावरून खाली फरशीवर आवाज आला. यंत्र खटखट करत होतं आणि नर्स म्हणत होती, शाब्बास, शाब्बास. मी तिच्या टाचा सोडल्या नाहीत. पोरगी रडत नव्हती. छताकडं बघत होती, फार मोठा गुन्हा केल्यासारखी.

फोटोत दिसलं की उजव्या बाजूला थोडं पाणी उलटं चढतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वयाबरोबर हे बहुतेक आपोआप बरं होतं. पण तोवर ताप येता कामा नये. दर तापाला किडनीवर व्रण पडू शकतो, आणि पडलेला व्रण जात नाही. झोपताना रोज औषधाचा एक छोटा डोस. भरपूर पाणी. धुताना पुढून मागं. आणि दर तीन तासांनी लघवी, लागो न लागो. सहा महिने एकही ताप आला नाही तर पुन्हा तपासून औषध बंद करू.

सहा महिने. मी मनात गाठ मारली.

मालकांनी पाळीसाठीचं गजराचं घड्याळ काढलं. दर वेळी किल्ली देऊन पुढच्या तीन तासांवर लावायचं मला शिकवलं. तोवर मला त्याचे काटे बघायचं काम पडलं नव्हतं. मालक म्हणाले, "घड्याळ वाजलं की जायचं बरं का बेटा."

पहिल्या दिवशी घड्याळ वाजलं. सकाळचे दहा. अंगण भरलेलं. मी डबा भरून तिच्या हातात दिला. ती दारातच उभी.

"तू नाय जात, मग मी का?"

मी तिच्या हातातून डबा घेतला, दुसऱ्या हातात तिचा हात धरला आणि निघाले. ते अंगण मी रोज झाडायची, पण त्या दिवशी ते संपेना. माना वळल्या. पाण्याच्या टाकीजवळची एक बाई म्हणाली, "काय गं, पोट बिघडलंय का?"

"नाय. मुतायला चाललोय दोघी."

"आत्ता? भरदिवसा?"

"लागली तवा."

बाजेवरच्या एकानं तोंडावर टॉवेल ओढला. लाजला बिचारा. मला वाटलं होतं मीच लाजून मरेन, पण पाच-सहा दिवसांत अंगणाला सवय झाली. घड्याळ वाजलं की खाला आपल्या दारातून ओरडायच्या, "चलो, सवारी निकली!" आणि मुलगी त्यांना सलाम करून पुढं चालायला लागायची. खाला तिला रोज दुपारी पेलाभर सब्जाचं पाणी पाजायच्या. पेला संपेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत.

शाळेचं मात्र अवघड होतं. जूनमध्ये ती पहिलीला गेली. शाळेत मुतारी होती पण तिला कुलूप, किल्ली बाईंकडं. मी जाऊन सांगितलं, दर तीन तासांनी सोडा. बाई चांगल्या होत्या, पण वैतागून म्हणाल्या, "अहो, एकीला सोडलं की चाळीस जणी उठतात. आणि आत पाणी नाही. मुली घाण करून ठेवतात."

मी बादली, खराटा आणि फिनेल घेऊन गेले आणि ती मुतारी घासली. रोज मधल्या सुट्टीच्या आधी घरून पाण्याची कळशी नेऊन ठेवायला लागले. आठवड्यानं बाईंना विचारलं, "बाई, तुम्ही स्वतः कधी जाता?"

त्या खिडकीकडं बघत म्हणाल्या, "घरी गेल्यावर."

"सकाळी अकरा ते पाच?"

"हो."

दुसऱ्या दिवशी कुलूप निघालेलं होतं. ते परत लागलं नाही.

पाच महिने झाले. पोरीच्या गालावर मांस आलं. अंथरूण कोरडं राहायला लागलं. मी भिंतीवर कॅलेंडरवर रोज एक फुली मारायची. सहा महिने भरत आले होते आणि गावाकडं माझ्या चुलतभावाचं लग्न निघालं.

मांडवात सगळं गाव. घड्याळ मी पिशवीत नेलं होतं, पण सनईच्या आवाजात वाजलेलं कोणाला ऐकू येतं? दुपारी मुलगी येऊन माझ्या पदराला लोंबकळली. "आई, लागली." परसाकडं जायची वाट मांडवातून होती आणि मांडवात पुरुषांची पंगत बसलेली. सगळे ओळखीचे. सासरचेही आलेले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांब जरा. पंगत उठू दे."

ती थांबली. थांबणं तिला छान येत होतं. मी वाढायला गेले आणि विसरले. नंतर पाहिलं तर ती मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. टाचेवर.

तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला.

डॉक्टरीणबाईंना मी खरं सांगितलं. पंगत होती म्हणून मीच थांबवलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. औषध लिहून देत त्या म्हणाल्या, "तुम्हाला कितीव्या वर्षी शिकवलं हे?"

"पाचव्या."

"मग पाच महिन्यांत कसं जाईल? पुन्हा सुरू करा. पहिल्या दिवसापासून."

घरी येऊन मी कॅलेंडर काढून टाकलं. फुल्या मोजायच्या नाहीत असं ठरवलं. मालक त्या दिवशी तिच्याजवळ बसून ओल्या पट्ट्या बदलत होते. संध्याकाळी म्हणाले, "पुढच्या वेळी पंगत उठव."

ते गमतीनं म्हणाले असतील. मी ते गमतीनं घेतलं नाही.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी आम्ही दोघी एसटीनं सोयगावला निघालो होतो. माझ्या धाकट्या बहिणीला तिथं दिलं होतं, तिच्या बाळाचं बारसं होतं. मुलीला सकाळी मी तांब्याभर पाणी पाजलं होतं आणि स्वतःही प्याले होते. प्रवासाच्या दिवशी पाणी प्यायची माझी ती पहिलीच वेळ. सिल्लोडला स्टँडवर दोघी उतरून जाऊन आलो. पण तिथून गाडी निघून बराच वेळ झाला, वाटेत एक टायर बसलं, ते बदलण्यात तासभर गेला, तेव्हा तिला लागली नव्हती, आणि गाडी पुन्हा सुटल्यावर ती माझ्या कानाशी लागली.

"आई, लागली."

आणि माझ्या तोंडाकडं बघायला लागली, त्या टेबलावर बघितलं होतं तशी.

मी उठले. "गाडी थांबवा."

कंडक्टर म्हणाला, "ओ बाई, बसा. आधीच उशीर झालाय. अर्ध्या तासात स्टँड येतंय."

"अर्ध्या तासानं नाय, आत्ता. पोरीला मुतायचंय."

गाडीत हशा पिकला. मागून कोणीतरी म्हणालं, "पोरं सांभाळून आणावीत." दुसरा म्हणाला, "धर गं थोडा वेळ, मोठी झालीस की आता."

मी मागं वळून त्याला म्हणाले, "तिला धरायला सांगू नका. धरून धरून किडनी खराब व्हायची वेळ आलीय पोरीची. तुम्ही देणार आहात का तुमची?"

कंडक्टरनं घंटी ओढली.

मक्याच्या शेताकडेला उतरलो. मका कमरेएवढाच होता. ती पटकन बसली, तिचं झालं. मी तिला घेऊन परत निघाले तर ती जागची हलेना.

"तू?"

"मला नाय लागली."

"तू सकाळी पाणी प्यालीस. मी बघितलंय."

मला लागली होती. कधीची लागली होती. पण गाडीच्या सगळ्या खिडक्या शेताकडं होत्या.

तिनं काय करावं? माझ्या खांद्यावरची शाल ओढली, तिची दोन टोकं दोन्ही हातांत धरली, हात जमतील तेवढे पसरले आणि माझ्यापुढं आडवी उभी राहिली. शाल तिच्या गुडघ्यापर्यंत, ती स्वतः एवढीशी, तिच्यामागं काय झाकणार? मग गाडीकडं तोंड करून ती ओरडली, "कोणी इकडं बघू नका! माझी आई मुतायलीय!"

मी भर दिवसा, भर रस्त्याच्या कडेला, पन्नास माणसांच्या गाडीसमोर त्या शालीमागं बसले. हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. मी डोळे पुसून घेतले, कारण ती मधेमधे मान वळवून बघत होती झालं का म्हणून.

गाडीकडं परतलो तर एक म्हातारी काठी टेकत पायरीवरून उतरत होती. कंडक्टरला म्हणत होती, "थांबवलीच आहे तर मी पण जाऊन येते बाबा. सकाळधरून धरलंय." मुलीनं माझ्याकडं बघितलं, शाल उचलली आणि तिच्यामागं गेली.

सहा महिने पूर्ण झाले तेव्हा पुन्हा तपासलं. ताप आलेला नव्हता, लघवी स्वच्छ होती. उजव्या किडनीवर एक बारीकसा व्रण राहिला होता. तो कुठल्या तापाचा, पहिल्या चारांतला की लग्नातला, ते फोटोत लिहिलेलं नसतं. मी विचारलंही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढ्यानं काही बिघडत नाही, फक्त आयुष्यभर पाणी पीत राहायचं. झोपतानाचं औषध त्यांनी बंद केलं.

घरी येऊन मी चहा ठेवला. घड्याळ बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, ते आपल्या वेळेला वाजलं. मी वळून बघितलं तर मुलगी अंगणात सागरगोटे खेळत होती. तिनं गोटे खाली ठेवले, मैत्रिणीला म्हणाली, "माझा डाव तसाच ठेव." आत येऊन डबा भरला आणि एकटी अंगण ओलांडून गेली. कोणाकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. बाजेवर माणसं होती, टाकीवर बायका होत्या. मी चुलीपाशीच बसून राहिले.

ती परत आली. डबा धुऊन पुन्हा भरला आणि माझ्यासमोर आणून ठेवला.

"आता तू," ती म्हणाली. "चहाचं मी बघते."